नाकात काय अडकलंय, त्यावर ठरतं हातात किती वेळ आहे

मुलाने नाकात काहीतरी घातलंय हे कळलं की मोठ्यांचा हात आपोआप त्या नाकपुडीकडे जातो. करंगळी, चिमटा, हेअरपिन, कानातला मळ काढायची कापूसकाडी, जे हाताशी असेल ते. वस्तू अगदी दाराशी दिसत असते, जरा ओढली की निघेल असं वाटतं. आणि नेमकी तेव्हाच ती आणखी आत सरकते. म्हणून आधी हात मागे घ्या, मुलाला मांडीवर सरळ बसवा आणि आत काय गेलंय ते शोधा.

पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. प्लास्टिकचा मणी असेल तर डॉक्टरांकडे शांतपणे जाण्याइतका वेळ आहे. बटन सेल, म्हणजे बटनासारखी गोल, चपटी, छोटी बॅटरी असेल तर एकेक तास मोलाचा आहे. बाहेरून मात्र दोन्ही मुलं सारखीच दिसू शकतात. दोघंही खेळत असतील, दोघांचंही काही दुखत नसेल. लक्षणांची वाट पाहून ठरवायचं म्हटलं, तर सेलच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो.

नाक आतून कसं असतं

बाहेरून पाहिलं की नाकपुडी वर कपाळाकडे जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नाकाचा मार्ग सरळ मागे जातो. त्याचा तळ जवळजवळ आडवा असतो, टाळूच्या अगदी वर, आणि मागे तो घशाच्या वरच्या भागात उघडतो. मधोमध नाकाचा पडदा असतो आणि त्याने दोन बाजू वेगळ्या होतात. या पडद्याचा पुढचा भाग हाडाचा नसून लवचिक कूर्चेचा असतो. बाहेरच्या भिंतीवरून तीन घड्या आत आलेल्या असतात, पातळ हाडांवर ओलं अस्तर चढलेल्या. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. अडकलेली वस्तू बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या घडीखाली, नाकाच्या तळावर, किंवा मधल्या घडीच्या पुढ्यात सापडते.

गुळगुळीत मणी घडी आणि पडदा यांच्या बेचक्यात बसलेला असतो. चिमट्याची दोन टोकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जायला जागाच नसते. टोकं मण्याच्या पुढच्या भागावरून घसरतात आणि त्याला मागे ढकलतात. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, ते खरवडलं की भळाभळा रक्त येतं आणि मग डॉक्टरांनाही आतलं काही दिसत नाही. अस्तर सुजतं, वाट आणखी अरुंद होते. मूल दुखल्याने घाबरतं आणि पुढच्या माणसाला नाकाला हातही लावू देत नाही. वस्तू काढायचा पहिला प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ती घटते. तो पहिला प्रयत्न योग्य उजेडात, योग्य हत्याराने व्हावा, एवढ्यासाठी घरच्या चिमट्याला नाही म्हणायचं.

मागे ढकललेली वस्तू घशात उतरली तर बहुतेक वेळा गिळली जाते. क्वचित ती श्वासनलिकेत जाते, आणि हाच या सगळ्यातला जिवावरचा धोका आहे. मूल पाठीवर झोपलेलं, जोरात रडत असलेलं आणि मोठा श्वास आत ओढणारं असेल तेव्हा हे घडायची भीती अधिक. त्याला आडवं पाडून, हातपाय दाबून नाकात चिमटा घालणं म्हणजे नेमकी हीच परिस्थिती तयार करणं. नाकात वस्तू असलेल्या मुलाला अचानक खोकल्याची उबळ आली, श्वासातून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, आवाज बसला, लाळ गळू लागली किंवा ओठ निळे दिसले, तर वस्तू आता नाकात राहिलेली नाही असंच धरा आणि लगेच तातडीची मदत घ्या.

कोणती मुलं, आणि कळतं कसं

सर्वाधिक मुलं साधारण २ ते ५ वर्षांची असतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू पकडणं बाळाला ९-१० महिन्यांच्या सुमाराला जमायला लागतं. त्याहून लहान बाळाच्या नाकात काही सापडलं, तर ते बहुधा थोरल्या भावंडाने घातलेलं असतं. उजव्या नाकपुडीत वस्तू जास्त वेळा सापडतात, कारण बहुतेक मुलं उजव्या हाताची असतात. यात खोडसाळपणा शोधू नये. या वयाची मुलं आपलं शरीर हात लावून, बोट घालून समजून घेत असतात. भोक दिसलं की त्यात काय मावतं हे पाहणं त्यांच्या शोधाचाच भाग आहे.

मूल हे सांगेल असं मात्र नाही. रागावतील या भीतीने गप्प बसतं, किंवा दहा मिनिटांत विसरून जातं. त्यामुळे बऱ्याच वेळा पहिली खूण मिळते ती वासाची. एकाच नाकपुडीतून घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो, कधी त्यात रक्ताचा अंश असतो, आणि वास इतका घाण की मुलाला जवळ घेतल्यावर लक्षात येतो. कधी नाकाचं लक्षातच येत नाही. अंगाला वास येतोय, तोंडाला वास येतोय असं वाटत राहतं आणि दात, कपडे, आंघोळ यांत कारण शोधलं जातं.

सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. ॲलर्जीही तशीच. एकच बाजू सतत वाहत असेल आणि वास मारत असेल, तर तपासून खात्री होईपर्यंत आत वस्तू आहे असंच डॉक्टर समजतात, आणि पालकांनीही तसंच समजावं. इथे फसगत होते ती औषधांनी. सर्दी समजून अँटिबायोटिक दिलं जातं, जंतू कमी होतात, वास जातो. गोळ्या संपल्या की आठवड्याभरात सगळं परत. आत वस्तू आहे तोवर जंतूंना बसायला जागा आहे. असं दुसऱ्यांदा झालं तर ‘नाकात काही अडकलं असेल का, आतून बघाल का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. उलट त्यांना नेमकी दिशा मिळते.

वस्तूपरत्वे वेळ बदलते

मणी, लहान खडा, प्लास्टिकच्या खेळण्याचा तुकडा यांची नाकाशी रासायनिक झटापट होत नाही. ते नुसते जागा अडवतात आणि अस्तराला टोचतात. त्रास नसेल, श्वास नीट असेल तर डॉक्टरांना फोन करून त्यांनी दिलेल्या वेळेला गेलात तरी चालतं. चालढकल मात्र नको. विसरून राहिलेल्या अशा वस्तूभोवती वर्षानुवर्षं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे थर चढत जातात आणि नाकात खरोखरीचा खडा तयार होतो. लहानपणी घातलेला मणी मोठेपणी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत असा खडा होऊन सापडतो.

वाटाणा, शेंगदाणा, डाळीचा दाणा, कुठलीही बी यांचं तसं नाही. नाकातला ओलावा पिऊन ती फुगतात. सकाळी सैल असलेला दाणा संध्याकाळी घट्ट रुतून बसतो, मऊ पडतो आणि काढताना तुटतो. शेंगदाण्यासारख्या तेलकट बियांनी अस्तर चिडतं आणि सुजतं. इथे त्याच दिवशी जायचं. नाकात पाणी किंवा थेंब घालून दाणा ‘सुटा करायचा’ विचारही करायचा नाही, पाण्याने तो फुगणारच. खेळण्यात मिळणारे पाण्यात टाकले की टपोरे होणारे रंगीत मणी याहून वाईट. कोरडा मणी मोहरीएवढा असतो आणि ओल मिळाली की कितीतरी पट वाढतो. एक्स-रेत तो दिसतही नाही.

स्पंज, कागद, कापूस हे स्राव शोषून घेतात आणि सर्वांत घाण वास यांचाच येतो.

आता बटन सेल. याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, सेल फुटला आणि आतलं ॲसिड गळलं तरच धोका. सेल न फुटताही, एक थेंब न गळताही नाक भाजतं. सेलची धन आणि ऋण अशी दोन्ही टोकं ओल्या अस्तराला एकाच वेळी टेकली की सर्किट पूर्ण होतं. नाकाच्या ओलाव्यातूनच वीज वाहू लागते. या प्रवाहामुळे ऋण बाजूपाशी पाण्याचं विघटन होतं आणि तिथे हायड्रॉक्साइड साठत जातं. हा तीव्र अल्कली आहे, तुंबलेले पाइप मोकळे करायच्या रसायनात असतो त्याच जातीचा. म्हणजे भाजणारा पदार्थ सेलमधून येत नाही, तो मुलाच्या नाकात जागच्या जागी तयार होत असतो.

ॲसिडने भाजलं की वर कडक खपली धरते आणि ती काही प्रमाणात पुढचं नुकसान रोखते. अल्कलीत तसं अडवणारं काही नसतं. पेशींतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत तो आत आत जात राहतो. सेल काढून टाकल्यावरही पुढचे काही दिवस जखम खोल होत जाऊ शकते ती यामुळेच. नाकात सेलच्या एका अंगाला पडदा असतो. त्या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. ते आवरण जळलं की कूर्चा मरते आणि पडद्याला आरपार भोक पडतं. हे व्हायला आठवडे लागत नाहीत, नुकसान काही तासांतच सुरू होतं. भोक पडलेलं नाक श्वास घेताना शिट्टी वाजवतं, आत सतत खपल्या धरतात, रक्त येतं. मुलाच्या नाकाची वाढ या पडद्याच्या आधाराने होत असते. तो आधार गेला तर नाकाचा कणा मधेच खचू शकतो, आणि ते पुढे शस्त्रक्रियेने दुरुस्त करणं सोपं नसतं.

‘सेल संपलेला होता’ याने दिलासा मिळत नाही. रिमोट चालवायला न पुरणारी वीज अस्तर भाजायला पुरते. आकाराचं सांगायचं तर, किल्लीच्या रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात असतो तो सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. हा लिथियमचा, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या नाकपुडीत तो सहसा मावत नाही, पण गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकतो आणि २ तासांत गंभीर भाजतो. नाकात जातात ते लहान सेल. एलआर ४४ साधारण ११.६ मिलिमीटर रुंद आणि एलआर ४१ जेमतेम ७.९ मिलिमीटर. हे दिवे लागणारी खेळणी, गाणारी शुभेच्छापत्रं, डिजिटल थर्मामीटर, घड्याळं यांत असतात. श्रवणयंत्रातले सेलही तितकेच छोटे.

सेलची शंका जरी असली तरी लगेच दवाखान्यात निघा, जिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत अशा ठिकाणी. नाकात कसलेही थेंब घालू नका, मिठाच्या पाण्याचेही नाहीत. त्यांनी वीज वाहायला आणखी मदत होते. भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय काही खायला-प्यायला देऊ नका. एका नाकपुडीतून काळपट स्राव आला तर तो सेलचा असू शकतो हे डोक्यात ठेवा. आणि काय घातलंय हे कुणालाच माहीत नसेल, तर सेलच आहे असं धरून चाला, एक्स-रे ‘नाही’ म्हणेपर्यंत. त्याच जातीचा दुसरा सेल किंवा ज्या खेळण्यातून तो निघाला ते खेळणं सोबत न्या.

लोहचुंबकही तितक्याच घाईचं. एक चुंबक एका नाकपुडीत, दुसरं दुसरीत, आणि मध्ये पडदा. दोन्ही एकमेकांना खेचतात, मधलं अस्तर दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही काळाने तिथेही भोक पडतं. हा प्रकार थोड्या मोठ्या मुलांतही दिसतो, कारण नाक न टोचता चमकी घालता यावी म्हणून मिळणारे चुंबकी दागिने ती दोन्ही बाजूंनी लावतात. ओढून काढू नका. वरचं अस्तर सोलून निघतं.

घरी काय करता येतं

मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगा. ‘हुंगू नको, आत ओढू नको’ एवढं त्याला समजलं तरी पुष्कळ. नाक शिंकरता येणारं मूल असेल तर मोकळी नाकपुडी हलक्या हाताने बंद करून, तोंडाने श्वास घ्यायला सांगून, एक-दोनदा शिंकरायला लावा. शिंकरता न येणारी लहानगी नेमकं उलटं करतात, जोरात आत ओढतात. त्यांच्यावर हा प्रयोग नको. शिंक यावी म्हणून मिरपूड किंवा तपकीर हुंगवणं तर अजिबात नको, प्रत्येक शिंकेच्या आधी मोठा श्वास आत जातो.

एक युक्ती खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या व्लादिमीर क्टिबोर या फॅमिली डॉक्टरांनी १९६५ मध्ये तिची नोंद केली. आईने मुलाला ‘मोठी पापी देते’ असं सांगून जवळ घ्यायचं. त्याच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड हवा सुटणार नाही असं घट्ट टेकवायचं. दुसऱ्या हाताच्या बोटाने मोकळी नाकपुडी दाबून बंद करायची. मग हळू फुंकायचं. थोडा अडथळा जाणवतो, कारण मुलाच्या श्वासनलिकेचं तोंड आपोआप मिटलेलं असतं. त्या क्षणी एक छोटी जोरदार फुंकर. हवेला आता वस्तूमागूनच बाहेर पडायला वाट उरते, आणि ती वस्तूला पुढे ढकलते. वडिलांनी केलं तरी तेच. या पद्धतीच्या प्रसिद्ध नोंदींचा एकत्र आढावा २०१२ मध्ये घेतला गेला तेव्हा सुमारे ६० टक्के मुलांत ती यशस्वी झालेली दिसली, आणि गंभीर अपाय आढळला नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की मुलाला कुणी धरून दाबून ठेवत नाही. पुढे काही करावं लागलं तरी ते घाबरलेलं नसतं. वाटाण्याएवढी किंवा मोठी, नाकपुडी पूर्ण अडवणारी वस्तू असेल तर ही युक्ती जास्त लागू पडते. पहिल्यांदाच करत असाल तर डॉक्टरांसमोर केलेली बरी, आणि सेलची शंका असेल तर तिच्यात वेळ घालवू नका. मुलाला श्वासाचा त्रास होत असेल तर करूच नका.

डॉक्टर काय करतात

मूल आईच्या मांडीवर, तिला पाठ लावून बसतं. तिचा एक हात त्याच्या हातांवरून, दुसरा कपाळावर. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा असतो, दोन्ही हात मोकळे. आवश्यकतेनुसार आधी सूज उतरवणारं आणि बधिर करणारं औषध आत सोडतात, सेलची शंका नसेल तरच. मण्यासाठी चिमटा न घेता टोकाला वाकवलेली बारीक सळई घेतात. ती नाकाच्या छताच्या बाजूने मण्याच्या वरून मागे नेतात, मग फिरवतात. आकडा मण्याच्या पाठीमागे खाली उतरतो, आणि तळावरून मणी पुढे घरंगळत येतो. कडा असलेल्या, पकडता येण्याजोग्या वस्तूला चिमटा चालतो. कधी वस्तू हवेने ओढून घेणारी नळी लावतात, कधी टोकाला इवलासा फुगा असलेली नळी वस्तूच्या मागे नेऊन फुगा फुगवतात आणि ओढून घेतात. सगळ्याला मिनिटभरही लागत नाही. वस्तू खोल असेल, मूल फार घाबरलेलं असेल किंवा सेल रुतला असेल तर भूल देऊन काढतात. भूल म्हटल्यावर पालक बिचकतात, पण धडपडणाऱ्या मुलाच्या नाकात पाचव्यांदा हत्यार घालण्यापेक्षा ती सुरक्षित आहे.

एक्स-रे प्रत्येकाचा काढत नाहीत. प्लास्टिक, लाकूड, बिया त्यात बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे नाक रिकामं असं नाही. सेल मात्र ठळक दिसतो. समोरून पाहिलं तर कडेला एकात एक अशी दोन वर्तुळं दिसतात, नाण्याला एकच असतं.

वस्तू निघाली की डॉक्टर पुन्हा आत बघतात, दुसरी नाकपुडी बघतात आणि दोन्ही कानही. एक मणी घालणाऱ्या मुलाने दोन घातलेले असणं मुळीच दुर्मीळ नाही. डॉक्टरांनी बघितलं नाही तर बघायला सांगा. साध्या वस्तूनंतर नाक एक-दोन दिवसांत पूर्ववत होतं, वास गेला की बहुधा औषधही लागत नाही. सेलनंतर मात्र पुढचे काही आठवडे तपासणीला जात राहावं लागतं. पहिल्या दिवशी धड दिसलेल्या पडद्याला नंतर भोक पडू शकतं, आणि भाजलेला पडदा शेजारच्या घडीला चिकटू शकतो. घरी आल्यावर मुलाला रागावू नका. पुढच्या वेळी काही गेलं तर ते लगेच तुमच्याकडे धावत यायला हवं.

घरातले सगळे मणी आणि दाणे उचलणं कुणालाच शक्य नाही. सेलची मोजदाद मात्र शक्य आहे. कुठल्या वस्तूंत बटन सेल आहेत ते एकदा शोधून काढा, आणि ज्यांच्या सेलच्या कप्प्याला स्क्रू नाही त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. सेल गिळून एका दीड वर्षाच्या मुलीचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेत २०२२ मध्ये असे कप्पे सहज उघडता येऊ नयेत म्हणून कायदा झाला, ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी तसे नियम बंधनकारक झाले. पण जुनी उपकरणं घराघरांत आहेतच. वापरलेला सेल काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. टेबलावर ‘नंतर टाकू’ म्हणून ठेवलेला सेल आणि कचऱ्याच्या उघड्या डब्यातला सेल, दोन्ही मुलांना सापडतात.